वय आणि जोखीम : एका घरातले तीन हिशेब

४ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने धर्मस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. करोनाच्या साथीत बंद झालेली मंदिरे, स्थानके आणि अन्य प्रार्थनास्थळे कोणत्या अटींवर उघडावीत, याचा तो तपशील होता. हात धुणे, अंतर राखणे, गर्दी टाळणे यांबरोबरच त्यात आणखी एक सल्ला होता. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांनी, १० वर्षांखालील मुलांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि जुने विकार असलेल्यांनी घरीच राहावे, असे त्यात म्हटले होते. जैन समाजात सकाळी सर्वांत आधी मंदिराची पायरी चढणारे, प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारे आणि सामायिकाचा नेम न चुकवणारे कोण असतात, हे सांगण्याची गरज नाही. ज्या वयाला धर्मस्थान सर्वाधिक आपले वाटते, त्याच वयाला दारापासून दूर राहण्यास सांगणारा तो सल्ला होता.

महाराष्ट्रात तर धर्मस्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे दिवाळी पाडव्याला उघडली. मधल्या काळात पर्युषण पर्व आले. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जैन मंदिरांना पर्वाच्या शेवटच्या दोन दिवसांपुरती, २२ आणि २३ ऑगस्ट रोजी, सरकारी सूचना पाळण्याच्या अटीवर परवानगी दिली. परवानगी तीन मंदिरांची होती. पण बाहेर पडावे की न पडावे, हा प्रश्न प्रत्येक घराचा होता. घरातील ज्येष्ठ म्हणत, ‘एवढे घाबरण्यासारखे काय आहे?’ तरुण म्हणत, ‘आजोबा ऐकतच नाहीत.’ तोच तरुण संध्याकाळी मित्रांना भेटून परतला की ज्येष्ठ म्हणत, ‘याला कशाचे गांभीर्य नाही.’ दोघांनाही प्रामाणिकपणे वाटे की आपण सावध आहोत आणि समोरचा बेफिकीर आहे.

त्या वेळी हा मतभेद स्वभावाचा, संस्कारांचा किंवा हट्टाचा मानला गेला. पुष्कळ अंशी तो वयाचा होता. साथीत कोणाला किती धोका आहे, हे वयावर अवलंबून असते. आणि तो धोका त्याला किती दिसतो, हेही वयावर अवलंबून असते. अडचण अशी की या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. करोनाची आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले, त्यालाही आता काळ लोटला. घराघरांत त्या दिवसांत उमटलेले कटू शब्द मात्र अनेकांच्या मनात अजून आहेत. म्हणून हा विषय शांतपणे तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

आकड्यांनी सांगितलेले वास्तव

करोनाचा संसर्ग झाल्यावर मृत्यू येण्याचे प्रमाण वयाबरोबर कसे बदलते, याचे एक विश्लेषण अँड्र्यू लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केले. ते लस येण्यापूर्वीच्या आणि मुख्यतः संपन्न देशांतील माहितीवर आधारलेले होते. त्यानुसार वयाच्या २५ व्या वर्षी संसर्ग झालेल्या १०,००० जणांमागे साधारण १ मृत्यू होतो. ५५ व्या वर्षी १,००० जणांमागे ४, ६५ व्या वर्षी १४ आणि ७५ व्या वर्षी ४६ मृत्यू होतात. ८५ व्या वर्षी हे प्रमाण १०० जणांमागे १५ इतके होते.

व्यापारी घरातील वाचकाला यातील वाढीचा वेग चटकन जाणवेल. हे सरळ व्याज नव्हे, चक्रवाढ आहे. नातू २५ वर्षांचा आणि आजोबा ७५ वर्षांचे असतील, तर वयात फरक ३ पट आहे. पण संसर्गानंतरच्या मृत्यूच्या शक्यतेत फरक जवळजवळ ४६० पट आहे. देश, उपचारांची सोय आणि जुने विकार यांनुसार हे आकडे खालीवर होतात. वयाबरोबरचा चढ मात्र सगळीकडे दिसला.

मनाने मांडलेला हिशेब

आता प्रश्न असा, की माणसांच्या मनातील भीतीही याच चढाने वाढली का? अमेरिकेत त्या काळात झालेल्या काही पाहण्या याचे उत्तर देतात. वेंडी ब्रुइन द ब्रुइन या संशोधिकेने मार्च २०२० मधील ६,६६६ प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीतील उत्तरांचा अभ्यास केला. ‘तुम्हाला हा आजार झाला तर मृत्यू येण्याची शक्यता किती?’ या प्रश्नावर वयस्कांनी तरुणांपेक्षा जास्त शक्यता सांगितली, आणि ते योग्यच होते. पण ‘तुम्हाला हा आजार होण्याचीच शक्यता किती?’ असे विचारल्यावर वयस्कांचा अंदाज तरुणांपेक्षा कमी निघाला. विलगीकरणात जावे लागेल, पैसे संपतील, ही भीतीही त्यांना कमी होती. चिंता आणि खिन्नतेची लक्षणेदेखील वयस्कांमध्ये कमी होती.

त्यानंतर ६ ते १३ मे २०२० या काळात अर्थशास्त्रज्ञ पेड्रो बोर्डालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५०० हून अधिक अमेरिकनांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष आणखी ठळक होता. स्वतःच्या आरोग्याला असलेल्या धोक्याचा अंदाज वय वाढेल तसा घसरत जातो, असे तीत दिसले. तरुणांनी आपला धोका वास्तवापेक्षा मोठा मानला आणि ज्येष्ठांनी लहान मानला. दोन्ही पाहण्यांतील प्रश्न वेगळे असल्यामुळे उत्तरे तंतोतंत जुळत नाहीत. पण दिशा एकच आहे. धोका शेकडो पटींनी वाढत होता आणि मनातील भीती त्या प्रमाणात मुळीच वाढत नव्हती. २७ देशांतील उत्तरांच्या आणखी एका अभ्यासात असे आढळले, की खबरदारी पाळण्याच्या तयारीत सत्तरीचे लोक पन्नाशी-साठीतल्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

याची कारणे माणसाच्या मनाच्या घडणीत आहेत. पहिले कारण अनुभवाचे. ज्याने सत्तर वर्षांत युद्धे, १९७२ चा दुष्काळ, बाजारातील मंदी, दोन-चार शस्त्रक्रिया आणि जवळच्यांचे मृत्यू पाहिले आहेत, त्याच्या मनात नवे संकट जुन्या संकटांच्या रांगेत जाऊन उभे राहते. ‘तेही गेले, हेही जाईल’ हा त्याचा निष्कर्ष असतो. बोर्डालो यांच्या गटानेही पुढे हेच स्पष्टीकरण मांडले : नव्या धोक्याचा अंदाज माणूस स्मृतीतून बांधतो आणि दीर्घ आयुष्यातील इतर असंख्य आठवणी नव्या धोक्याचे चित्र पुसट करतात.

दुसरे कारण भावनांचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दीर्घकाळ असे मांडले आहे की उरलेला काळ मर्यादित आहे, हे जाणवू लागले की माणूस दूरच्या चिंता सोडतो आणि आजच्या समाधानाकडे वळतो. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी १८ ते ७६ वयोगटातील ९४५ अमेरिकनांची पाहणी केली, तेव्हा साथीच्या सावटातही वयस्कांचे भावनिक स्वास्थ्य तरुणांपेक्षा चांगले असल्याचे दिसून आले.

तिसरे कारण कोणत्याही एका वयाचे नाही. वाईट गोष्टी इतरांना होतील, आपल्याला होणार नाहीत, असे मानण्याची प्रवृत्ती नील वाइन्स्टाइन यांनी १९८० मध्येच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिली होती. आजोबांचे ‘मी कुठे जातो?’ आणि नातवाचे ‘मला काय होणार?’ ही एकाच प्रवृत्तीची दोन रूपे आहेत.

या पाहण्या अमेरिकेतील आहेत. तेथे बहुतेक ज्येष्ठ स्वतंत्र राहतात. आपल्याकडे तीन पिढ्या एकाच छताखाली, एकाच स्वयंपाकघरावर आणि बऱ्याचदा एकाच पेढीवर असतात. त्यामुळे येथे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

जोखमी हुंडीचा धडा

‘जोखीम’ हा शब्द व्यापारी समाजाच्या जिभेवर शतकानुशतके आहे. पूर्वी ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार चालत असे. जलमार्गाने पाठवलेल्या मालावर ती काढली जाई आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होत असे. माल बुडाला तर हुंडीही बुडाली. एका कागदात हुंडी आणि विमा, दोन्ही सामावलेले असत. अशी हुंडी घेणाऱ्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागत. नाव बुडण्याची शक्यता किती, हा पहिला. आणि बुडाली तर नुकसान किती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ऋतू, मार्ग आणि तांडेल यांवर ठरे. दुसऱ्याचे मालाच्या किमतीवर. यांपैकी एकच प्रश्न विचारणारा व्यापारी फार काळ टिकत नसे.

आजच्या दुकानातही हेच चालते. एखाद्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची की नाही, हे ठरवताना तो बुडवेल का, हा एक विचार असतो आणि बुडवलीच तर रक्कम पेलवेल का, हा दुसरा. पण आरोग्याचा विषय आला की हीच हुशार माणसे दोन्ही प्रश्नांची एकच मोळी बांधतात. ‘धोका आहे’ किंवा ‘धोका नाही’ एवढेच उत्तर देतात. वयाने पडलेले अंतर नेमके या मोळीत लपते.

मोठ्या बाजारपेठेतील एखाद्या किराणा घराण्याची कल्पना करावी. आजोबा ७५ वर्षांचे, मुलगा ४८ वर्षांचा, नातू २३ वर्षांचा. आजोबा म्हणतात, ‘मी फक्त गादीवर बसतो, कोणाच्या जवळ जात नाही, मला कुठून होणार?’ हे शक्यतेचे उत्तर आहे आणि कदाचित बरोबरही आहे. पण नुकसान किती, या प्रश्नाला त्यांनी हातच घातलेला नाही. नातू म्हणतो, ‘मला झाला तर दोन दिवस ताप येईल, संपले.’ हे नुकसानीचे उत्तर आहे आणि त्याच्यापुरते बहुधा खरेही आहे. पण दिवसभर माल पोहोचवताना शंभर माणसांशी संपर्क येतो, हा शक्यतेचा भाग त्याने वगळला आहे. मधल्या पिढीतील मुलाच्या मनात तिसरीच गोष्ट आहे. बँकेचा हप्ता, गुमास्त्यांचे पगार, अडकलेली येणी. तो रात्री झोपत नाही. पण त्याची भीती आजाराची आहे की दुकान बंद राहण्याची, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

तिघेही खोटे बोलत नाहीत. तिघांपुढे हिशेबाचे वेगवेगळे पान उघडे आहे आणि प्रत्येकाला वाटते की आपण पूर्ण खाते पाहिले.

अनुभव कधी फसवतो

ज्येष्ठांचा अनुभव हा घराचा ठेवा आहे, यात शंका नाही. पण साथीच्या बाबतीत अनुभवाची एक मर्यादा असते : प्रत्येक साथ आपले वय स्वतः निवडते.

१९१८ चा इन्फ्लुएंझा महाराष्ट्राच्या स्मृतीत ‘मानमोडी’ या नावाने राहिला. मुंबईत तो जूनमध्ये आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने उग्र रूप घेतले. भारतातील मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे दशक भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक ठरले. त्या साथीचे भयानक वैशिष्ट्य असे होते, की तिने २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांना मोठ्या प्रमाणावर नेले. घरातील कर्ता पुरुष आणि तरुण सून गेली, आणि म्हातारी मागे राहिली, असे तेव्हा असंख्य घरांत घडले. २००९ च्या स्वाइन फ्लूतही साठीपुढील अनेकांना पूर्वीच्या विषाणूंशी आलेल्या संपर्कामुळे काही संरक्षण होते. धास्ती लहानांची आणि तरुणांची अधिक होती. करोनाने हे चित्र उलटे केले. म्हणजे मागील साथीतून शिकलेला ‘कोणाला धोका’ हा धडा पुढच्या साथीत जसाच्या तसा लागू पडत नाही.

एकाच साथीत वर्षभरातही तो धडा बदलू शकतो. भारतात १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना लस मिळू लागली. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढील सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली. मधल्या आठवड्यांत दुसरी लाट उसळली. तेव्हा दुकान, वाहतूक आणि घरपोच सेवा सांभाळणारा तरुण वर्ग लशीविना बाहेर होता. आपल्याच वयाची माणसे ऑक्सिजनच्या खाटेवर पाहिल्यावर तरुणांचा सूर बदलला. पहिल्या लाटेत आजोबांना समजावणारा नातू दुसऱ्या लाटेत स्वतः हादरला; आणि लस घेतलेले आजोबा त्याला धीर देऊ लागले. भीती डोळ्यांसमोर जे घडते त्याच्या मागे धावते. धोका मात्र आपल्या वाटेने जात असतो.

तिसरा रकाना

शक्यता आणि नुकसान या दोन रकान्यांनी व्यापाराचा हिशेब पूर्ण होतो. संसर्गजन्य आजाराचा होत नाही. त्याला तिसरा रकाना लागतो : माझ्यामुळे दुसऱ्याला काय होईल?

भागीदारीच्या व्यवसायात एका भागीदाराने पेढीच्या कामात केलेल्या सहीचे दायित्व सर्व भागीदारांवर येते, हे व्यापाऱ्याला कायद्याचे पुस्तक न उघडताही ठाऊक असते. एकत्र कुटुंब साथीच्या काळात अशीच भागीदारी असते. नातवाने बाहेर घेतलेली जोखीम त्याच्या नावावर १०,००० मागे १ असते. तीच घरी आली की आजीच्या नावावर १,००० मागे ४६ होते. जोखीम एक जण उचलतो आणि किंमत दुसरा मोजतो. आजोबांनी ‘माझे मी बघेन’ म्हणून घेतलेली जोखीमही केवळ त्यांची राहत नाही. त्यांच्या सेवेला बसणारी सून, त्यांना घेऊन रुग्णालयात धावणारा मुलगा आणि गादीखाली बसणारा गुमास्ता हेही त्या सहीचे भागीदार होतात.

जैन विचाराला हा रकाना नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेचा विचार करताना प्रमादाला, म्हणजे असावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. मारण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने माणूस मुक्त होत नाही. सावधपणे वागला होता का, हा प्रश्न उरतोच. पाणी गाळून घेणे, पाहून पाऊल टाकणे, सूर्यास्तापूर्वी भोजन करणे या आचारांमागे न दिसणाऱ्या जीवांची काळजी आहे. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वींच्या मुखावरील मुहपत्तीची करोनाकाळात पुष्कळ चर्चा झाली. ‘आमच्याकडे मास्क आधीपासून होता’ असा अभिमानही व्यक्त झाला. त्यात एक सूक्ष्म चूक होती. मुहपत्ती रोगापासून स्वतःला वाचवण्यासाठी नाही. आपल्या श्वासाने आणि बोलण्याने दुसऱ्या जीवाला पीडा होऊ नये, यासाठी आहे. अभिमान बाळगायचाच असेल तर तो या भावनेचा बाळगावा. ज्या तरुणाला स्वतःसाठी मास्क निरर्थक वाटत होता, त्याला तो आजीसाठी लावण्याचे कारण याच परंपरेत सापडले असते.

स्वीकार आणि दुर्लक्ष

ज्येष्ठांच्या निर्धास्तपणामागे आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याकडे आदराने पाहिले पाहिजे. ‘माझे वय झाले, आता कसली भीती?’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू आले. मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याची शिकवण ज्या परंपरेत आहे, तेथे ते स्वाभाविक आहे. परंतु समाधिमरणाची कल्पना ही पूर्ण जागरूकतेची, संकल्पाची आणि गुरुजनांच्या संमतीची आहे. साथीत बेफिकीर राहून आजार ओढवून घेणे, हे तिच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. एकात सावधपणाचा कळस आहे, दुसऱ्यात सावधपणाचा अभाव.

करोनाचा मृत्यू तर आणखी निराळा होता. विलगीकरणाच्या कक्षात जवळचे कोणी नसे. कानाशी नवकार म्हणणारा मुलगा नसे, डोक्यावर हात ठेवणारी लेक नसे. अंत्यदर्शनही अनेकांना मिळाले नाही. मृत्यूचे भय न बाळगणाऱ्या कितीतरी ज्येष्ठांना अशा एकाकी मृत्यूचे भय मात्र होते. ते त्यांनी बोलून दाखवले नाही, कारण त्यांना तसे कोणी विचारलेच नाही. घरातील तरुण त्यांना टक्केवारी सांगत राहिले. ‘आजोबा, तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?’ एवढे विचारले असते, तर अनेक ठिकाणी वाद थांबला असता आणि ज्येष्ठांनी खबरदारी आपणहून स्वीकारली असती.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. काळजीच्या नावाखाली काही घरांत ज्येष्ठांची खोली हीच त्यांची सीमा झाली. ताट दाराशी, नातवंडे दाराबाहेर, पेढीचे निर्णय परस्पर. ज्याने चाळीस वर्षे घर चालवले, त्याच्याविषयीचे निर्णय त्याच्याशिवाय होऊ लागले. फिरणे थांबल्याने शरीर आखडले, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या, बोलायला कोणी नसल्याने मन खचले. एक धोका टाळताना इतर धोके वाढत होते आणि त्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नव्हती. ज्येष्ठांचे संरक्षण आवश्यक होते. पण ते त्यांना विचारून करणे आणि त्यांच्यावर लादणे, यांत माणसाच्या सन्मानाचा फरक आहे.

येथे अनेकांताची आठवण होणे साहजिक आहे. पण तिचा अर्थ नीट घ्यायला हवा. ‘सगळ्यांचेच बरोबर’ असा अनेकांताचा अर्थ नाही. प्रत्येकाने वस्तूची एक बाजू पाहिली आहे आणि बाजू एकत्र केल्याशिवाय वस्तू कळत नाही, हा त्याचा आशय आहे. आजोबांची शांतता, मुलाची जबाबदारी आणि नातवाची ताजी माहिती या तीन बाजू आहेत. ७५ व्या वर्षी धोका २५ व्या वर्षापेक्षा शेकडो पट मोठा असतो, हे मात्र कोणाचे मत नव्हे. ते वास्तव आहे आणि तिन्ही बाजूंना ते मान्य करूनच पुढे जावे लागते.

पुढच्या वेळेसाठी

साथी येत राहतात. दर पावसाळ्यात डेंग्यू आणि फ्लू डोके वर काढतात. मोठी साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. घर शांत असतानाच काही गोष्टी ठरवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

आजाराविषयी बोलताना प्रश्न नेहमी सुटे करावेत. होण्याची शक्यता किती, झाला तर नुकसान किती आणि माझ्यामुळे दुसऱ्याला काय. घरातील प्रत्येकाने तिन्हींची उत्तरे द्यावीत, एकाचेच नव्हे.

नवी साथ आली की पहिली चौकशी वयाची करावी : हा आजार कोणत्या वयाला अधिक पिडतो? मागच्या साथीचे उत्तर गृहीत धरू नये. ही माहिती व्हॉट्सअॅपवरील संदेशातून न घेता कुटुंबाच्या डॉक्टरांकडून घ्यावी आणि आकड्यांत घ्यावी. ‘खूप’ आणि ‘थोडा’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक वयात निराळा होतो.

पेढीवरील कामांची वाटणी मानापेक्षा धोका पाहून करावी. गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोण उभे राहील आणि फोनवर व्यवहार कोण सांभाळेल, हे आधीच ठरलेले असावे. ज्येष्ठांना घरी बसायला सांगताना त्यांचे काम काढून घेऊ नये. वसुलीचे फोन, जुन्या व्यापाऱ्यांशी संबंध आणि जमाखर्चावर नजर ही कामे घरूनही होतात आणि त्यांच्याइतकी कोणालाच जमत नाहीत.

ज्येष्ठांच्या तपासण्या, औषधे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या लसी यांची एक वही असावी. त्याच वहीत त्यांची इच्छाही लिहिलेली असावी. कोणत्या रुग्णालयात न्यावे, निर्णय कोणी घ्यावा, जवळ जाता आले नाही तर फोनवरून कोणता पाठ ऐकवावा, हे सारे तिच्यात यावे. हा विषय काढणे अशुभ नाही. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या समाजाला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

आणि एक गोष्ट मनाशी ठेवावी. त्या दोन वर्षांत घरातील ज्येष्ठ निर्धास्त दिसले, तर तो त्यांचा हट्टच होता असे नाही. दीर्घ आयुष्याने दिलेली ती शांतता होती. तरुण घाबरले किंवा बेफिकीर वागले, तर तो त्यांचा उद्धटपणाच होता असे नाही. पहिल्यांदाच संकट पाहणाऱ्या वयाची ती गोंधळलेली प्रतिक्रिया होती. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना त्या दिवसांत एकमेकांना बोललेले कठोर शब्दही आठवावेत आणि तो हिशेब मिटवावा. जुनी बाकी मिटली, की पुढच्या साथीत तिन्ही पिढ्यांना एका टेबलाशी बसून एकच हिशेब मांडता येईल.